हेब्बाळला आल्यात

आमच्या ऑफिसात ज्या कामाला अजून कुणी हातही लावलेला नसतो, ते काम 'हेब्बाळला आल्यात' असतं. सकाळच्या मीटिंगमध्ये कुणी विचारलं, "रिपोर्टचं काय झालं?" की समोरचा शांतपणे सांगतो, "हेब्बाळला आल्यात." सगळे हसतात आणि पुढच्याची पाळी येते. लग्नाचं बघताय की नाही? हेब्बाळला आल्यात. सकाळी पळायला जाणार होतास ना? हेब्बाळला आल्यात. आमच्या टीममध्ये एक तमिळ मुलगा आहे. त्याला मराठीतले एवढे दोनच शब्द येतात, आणि तेवढ्यावर त्याचं छान चाललंय.

ज्यांनी बेंगळुरू पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. हेब्बाळ म्हणजे शहराच्या उत्तरेचा मोठा चौक. तिथं उड्डाणपूल आहे, तळं आहे, आणि पुलावर कायम अडकलेल्या गाड्या आहेत. येलहंक्याकडून रिंग रोडला लागायचं तर हेब्बाळ चुकत नाही. त्यामुळं "मी हेब्बाळला आलोय" असं कुणी फोनवर म्हणालं, की ऐकणाऱ्याचा लगेच विश्वास बसतो. खरंखोटं तपासायला कोण जाणार? अर्थ एवढाच, की मी अजून घरातच आहे, पण तुम्ही ओरडू नका.

आता हे वाक्य पहिल्यांदा कोण म्हणालं, यावर या शहरात जेवढी डोकी तेवढी मतं आहेत. रिक्षावाले अण्णा म्हणतात, हा आमचा डायलॉग. दोनचार रील बनवणाऱ्यांनी ते कपांवर आणि टी-शर्टांवर छापून विकलं, आणि प्रत्येकानं खाली आपलंच नाव घातलं.

मला मात्र ते कुणाचं आहे ते ठाऊक होतं. ते माझ्या आईचं आहे.

आणि ही गोष्ट मी नोकरीच्या आठ वर्षांत कुणाला सांगितली नव्हती.

आमच्या दोन्ही घरांत, आईच्या आणि अप्पांच्या, पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी., कॉम्प्युटर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. अप्पा स्टाफ बस चालवायचे हेही मी ऑफिसात पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यांनी ज्या कंपन्यांच्या दारात माणसं सोडली, तसल्याच एका कंपनीत मी आत बसते, यात लपवण्यासारखं मला काही वाटलं नाही. लपवलं होतं ते आईचं. का, ते सांगते.

आम्ही निपाणीकडचे. अप्पा आधी एकटे आले, येलहंक्यात खोली घेतली, बसवर लागले आणि मग मला आणि आईला घेऊन आले. मी तेव्हा आठवीत होते. बस येलहंक्याहून निघायची आणि हेब्बाळवरून रिंग रोडनं बेळ्ळंदूरपर्यंत जायची. वाटेत चौदा थांबे. प्रत्येक थांब्यावर गळ्यात ओळखपत्र घातलेली माणसं. बसच्या वेळापत्रकाच्या कागदावर ड्रायव्हरचा मोबाईल नंबर छापलेला असायचा, म्हणजे बस दिसली नाही तर फोन करता यावा.

आता गंमत अशी की अप्पा तो मोबाईल घरी ठेवून जायचे. "गाडी चालवायची का बोलत बसायचं?" हा त्यांचा हिशेब. आमच्या घरात तो फोन पिठाच्या डब्यावर असायचा. पहिले काही दिवस तो नुसता वाजायचा आणि आई त्याच्याकडं बघत उभी राहायची. मग फोन उचलत नाही म्हणून सुपरवायझरनं अप्पांना झापलं. त्या संध्याकाळी अप्पांनी आईला समोर बसवलं.

"हे बघ, त्यांचे फोन साडेसातच्या सुमाराला येतात. तवा मी हेब्बाळला असतोय. उचलायचा आणि तेवढंच सांगायचं. दुसरं काय बोलू नकोस."

आईनं ते मनावर घेतलं. अप्पांनी सांगितलं होतं साडेसातचं. आईनं घड्याळ सोडलं आणि वाक्य तेवढं धरलं. फोन पावणेसातला आला, हेब्बाळला आल्यात. नऊला आला, हेब्बाळला आल्यात. संध्याकाळी परतीच्या वेळी आला, तरी हेब्बाळला आल्यात. समोरचा हिंदीत विचारतोय, इंग्रजीत विचारतोय, तिला काही फरक पडत नव्हता. प्रश्न समजायची गरज नव्हती, कारण उत्तर ठरलेलं होतं. पुढं पुढं तर ती "हॅलो" सुद्धा म्हणायची नाही. फोन उचलला की थेट तेच. कुणी कन्नड बोललं तर मात्र आमच्या भागातल्या कन्नडमध्ये, "हेब्बाळदाग अदार्री."

तिनं हेब्बाळ पाहिलेलं नव्हतं. गावाकडची बस तुमकूर रस्त्यानं येते, ती हेब्बाळला येतच नाही. हेब्बाळ म्हणजे एखादं ठिकाण आहे की कचेरी, की गाडी चालू असली की असंच म्हणायचं असतं, हेही तिला माहीत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती. मला विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. मी येलहंक्यातली शाळा सोडून काही पाहिलं नव्हतं.

एकदा काय झालं, येलहंक्यातल्याच दुसऱ्या थांब्यावर एक इंजिनिअर उभे होते. बस यायला पाच मिनिटं होती, पण घाईचा माणूस. त्यांनी फोन लावला. आई म्हणाली, हेब्बाळला आल्यात. इंजिनिअरना वाटलं, बस आपल्याला टाकून पुढं गेली! त्यांनी रिक्षा पकडली आणि रिक्षावाल्याच्या मागं लागून हेब्बाळ गाठलं. इकडं अप्पा वेळेवर थांब्यावर आले, नेहमीप्रमाणे एक मिनिट थांबले, माणूस दिसला नाही म्हणून निघाले. हेब्बाळला पोचले तर हे साहेब पुलाखाली घामाघूम. वर चढल्या चढल्या म्हणाले, "तुम्ही इथं कधीच आला होता ना?"

अप्पा म्हणाले, "सर, तुमचा स्टॉप तिकडं आहे."

बसमधली माणसं दिवसभर हसली म्हणे. त्यानंतर काही जण मुद्दामच फोन लावू लागले. बस समोर उभी असायची, दार उघडं, अप्पा जागेवर, आणि कुणीतरी स्पीकरवर टाकून सगळ्यांना ऐकवायचं, "हेब्बाळला आल्यात." अप्पा आरशातून बघायचे आणि गिअर टाकायचे.

सुट्टीच्या दिवसाचा किस्सा तर मी डोळ्यांनी पाहिलाय. अप्पा घरात पाटावर बसून पोहे खात होते. सुपरवायझरचा फोन आला. आईनं उचलला, अप्पांच्या तोंडाकडं बघत बघत सांगितलं, "हेब्बाळला आल्यात." अप्पांच्या तोंडात घास होता. ते हातानं नाही नाही करत राहिले. आईनं फोन ठेवला आणि म्हणाली, "काय झालं? तुम्हीच सांगितलंय न्हवं?"

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा हे वाक्य परत माझ्या कानावर आलं, तेही जर्नल पूर्ण न केलेल्या एका मुलीच्या तोंडून. तिला कुणाकडून मिळालं? भावाकडून. भावाला? ऑफिसातून. म्हणजे बसमधून उतरून ते चौदा थांब्यांवर पसरलं होतं. वर्गात सगळे हसले. मीही हसले, कारण न हसणारी मी एकटीच उरले असते. घरी जाऊन मात्र आईला काही सांगितलं नाही. तिनं विचारलं असतं, का हसत्यात? मग सांगावं लागलं असतं, की हेब्बाळ कुठं आहे ते माहीत नसलेली एक बाई होती, तिला हसतात.

म्हणून मी गप्प होते.

या वर्षी ते गप्प राहणं अवघड झालं. आमच्या भागात एक छोटं मराठी मंडळ आहे. गणपतीत ते स्मरणिका काढतं. तिच्या संपादक एक काकू आहेत, शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातलाच. त्यांनी यंदा ठरवलं, की आपल्या बेंगळुरी मराठीवर दोन पानं द्यायची आणि त्यात 'हेब्बाळला आल्यात' कुठून आलं याचा निकाल लावायचा. त्यासाठी त्यांच्या घरी बैठक होती. मी, काकू, त्यांचे यजमान आणि आमच्या ऑफिसातले मॅनेजर, तेही मंडळात आहेत.

काकूंचे यजमान, म्हणजे काका, सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. त्यांनी या विषयावर चार पानं टाईप करून आणली होती, तळटिपांसकट. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी गाव हेब्बाळलाच संपायचं. महाराष्ट्रातून सुट्टी संपवून मोटारनं परतताना हेब्बाळचं तळं दिसलं की मंडळी म्हणायची, हेब्बाळला आलो, म्हणजे घर आलं. "म्हणजे मुळात हे खरं बोलण्याचं वाक्य आहे. खोटारडेपणा तुमच्या पिढीनं त्यात घातला."

काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "मोटारनं कोण येत होतं हो? आपण रेल्वेनं येत होतो! यशवंतपूरला उतरत होतो!"

"मी इतरांबद्दल बोलतोय."

"इतरांच्या मोटारीत तुम्ही कधी बसला होता?"

आमचे मॅनेजर पुण्याचे. इथं येऊन सतरा वर्षं झाली, हेब्बाळच्या एका उंच इमारतीत राहतात. ते म्हणाले, "काका, सॉरी, पण याचा ओरिजिनल मी आहे. माझ्या रूममेटला मी एअरपोर्टवरनं आणायला जाणार होतो, झोपून राहिलो, आणि त्याला फोनवर सांगितलं, हेब्बाळला आलोय. तो तीन तास बसला बिचारा. तिथनं ते ग्रुपवर गेलं, ग्रुपवरनं व्हायरल."

"मग 'आल्यात' कुठून आलं?" काकांनी विचारलं. "तुम्ही 'आलोय' म्हणाला होता."

"ते मी मागनं घातलं, इफेक्टसाठी." आणि त्यांनी करून दाखवलं. मान थोडी खाली, आवाज नाकातून, गावाकडची बाई फोनवर बोलते तसं, "हेब्बाळला आल्यात!"

काका हसले. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या काकू हसल्या. हुबेहूब होतं. इतकं हुबेहूब, की हे त्यांनी कुणाचं तरी ऐकलेलं आहे, कुणी कुणाला करून दाखवलेलं, त्यानं पुढच्याला, असं करत करत पिठाच्या डब्याजवळचा तो आवाज इथपर्यंत आलाय, हे मला कळलं.

मी टेस्टिंगमध्ये आहे. चूक दिसली की लिहून कळवायची याचाच मला पगार मिळतो. आणि इथं समोर चूक होती आणि मी चहा पीत होते.

"तू का गप्प गं आज?" काकूंनी विचारलं. "एरवी कुणाला सोडत नाहीस. हे बघ, हा लेख तूच लिही. रविवारी हॉलमध्ये सभा घेऊ, ज्याचा त्याचा दावा ज्यानं त्यानं मांडायचा, आणि तू लिहून घ्यायचंस."

मी म्हटलं, "अजून एक दावा आहे. पण विचारून सांगते."

"कुणाला विचारून?"

"ज्यांचा आहे त्यांना."

घरी आले तेव्हा आई शेंगदाण्याची चटणी कुटत होती. आम्ही अजून येलहंक्यातच राहतो, आता खोली नाही, दोन बेडरूमचं घर आहे. अप्पांनी बस सोडली, शाळेची व्हॅन चालवतात. मी आईच्या समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. कप, टी-शर्ट, ऑफिस, मॅनेजर. आईचा हात थांबला नाही. लसूण घातला, परत कुटलं.

मग म्हणाली, "इतकी वर्षं म्हणत्यात?"

"होय."

"आणि हसत्यात?"

"होय."

"कुणाला हसत्यात? मला का ह्यांना?"

खोटं बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मला जमलं नाही. मी म्हटलं, "तुला. हेब्बाळ कुठं आहे ते तुला माहीत नव्हतं ना, म्हणून."

तिनं चटणी डब्यात भरली, खलबत्ता धुतला, पालथा घातला. दोन दिवस तिनं हा विषय काढला नाही, आणि मी स्वतःला शिव्या घालत होते. काकूंना नाही म्हणून कळवायचं असं मी ठरवूनही टाकलं. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं एकदम विचारलं, "म्हंजे त्याचा अर्थ काय करत्यात?"

"कशाचा?"

"हेब्बाळला आल्यात म्हंजे काय? तुझ्या हाफिसात?"

"म्हणजे काम झालेलं नाही, सुरूच केलेलं नाही, पण येतंय येतंय म्हणायचं. उशीर करायचा आणि वर थाप मारायची."

आईनं ताटातला हात काढला. "म्हंजे ह्यांची गाडी उशिरा यायची, असं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी आईला जपत होते, आणि तिला स्वतःबद्दल काहीच वाटत नव्हतं.

"मला हेब्बाळ ठावं न्हवतं ते खरंच हाय," ती म्हणाली. "हसू देत. मीबी हसले असते. पण ह्यांची गाडी? चार वाजता उठून, न्हाऊन, टायर हातानं दाबून बघून जाणारा माणूस. त्यांच्या नावानं उशीर म्हंत्यात?"

अप्पा म्हणाले, "जाऊ दे की आता."

"तुम्ही गप बसा. तुम्हीच शिकवलंय मला हे."

"मी? मी साडेसाताचं सांगितलं होतं!"

"घड्याळ बघून बोल असं सांगितलं होतं?"

"साडेसात म्हटल्यावर घड्याळ आलंच की त्यात!"

"न्हाई सांगितलं. दुसरं काय बोलू नको म्हणून सांगितलं, मी बोलले न्हाई."

तिकडं काकूंच्या घरी दोन माणसं हे वाक्य आपलं म्हणून भांडत होती. इकडं आमच्या घरात दोघंही ते एकमेकांच्या ताटात सारत होती. शेवटी आईनंच निकाल दिला. "ते तुमचंच. पण रविवारी मी येते. मला बोलायचंय."

"आई, सगळ्यांसमोर?"

"फोनवर बोलले न्हवं सगळ्यांशी?"

रविवारी दुपारी हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. चिवडा आणि कॉफी होती. काकांनी चार पानं पूर्ण वाचली, तळटिपाही. मॅनेजरांनी रूममेटचा किस्सा सांगितला, नकलेसकट, आणि टाळ्या घेतल्या. मी पुढं बसून लिहून घेत होते. मग काकूंनी आईला बोलावलं. आई गेली, माईक हातात न घेताच उभी राहिली.

"नमस्कार," ती म्हणाली. "आत्ता सरांनी जिची नक्कल केली, ती मी."

मग तिनं पिठाच्या डब्यापासून सगळं सांगितलं. इंजिनिअर रिक्षानं हेब्बाळला पळाले तिथं पहिला हशा आला. पोह्यांच्या किश्श्याला एक आजोबा इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. आईला रंग चढला. ती म्हणाली, "मग एका रविवारी ह्यांनी मला हेब्बाळ दाखवायला नेलं. पूल दाखवला. तळं दाखवलं. मी म्हटलं, येवढंच? येवढ्यासाठी मी वर्षभर खोटं बोलले?"

मॅनेजर आमचे खुर्चीत अवघडून बसले होते. पण हसत होते, तेही मोकळं.

"हसा की," आई म्हणाली. "पण एक लिहून घ्या. फोन उचलणारी येडी होती. गाडी वेळेवर होती. लवकर येऊन, घाबरून फोन करणारे तुम्ही. उशीर आमच्या गाडीला कधी झाला न्हाई. ह्या वाक्याचा अर्थ उशीर असा लावत्यात, तो चूक हाय."

काका उठले. शास्त्रज्ञ माणूस, त्यांना राहवलं नाही. "वहिनी, किस्सा उत्तम आहे. पण बस वेळेवर होती, याला पुरावा काय?"

"पुरावा ते बसल्यात की मागं."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. अप्पा शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. ते उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नाही. त्यांनी समोरच्या भिंतीकडं बघून नुसत्या वेळा सांगायला सुरुवात केली. "न्यू टाउन, सहा पन्नास. दुसरा स्टॉप, सहा पंचावन्न. कोगिलू, सात सात. हेब्बाळ, सात अठ्ठावीस. नागवारा, सात बेचाळीस." चौदाच्या चौदा थांबे, एकामागून एक, बेळ्ळंदूरच्या आठ चाळीसपर्यंत. मुलांना पाढे येतात तसे. बेळ्ळंदूर आलं तशा टाळ्या पडल्या आणि अप्पा गडबडून खाली बसले.

काका म्हणाले, "यावरून बसला वेळापत्रक होतं एवढं सिद्ध होतं. वाक्याचा उगम सिद्ध होत नाही."

"तुम्ही बसा हो!" काकू म्हणाल्या.

निकाल लागला नाही. मॅनेजरांनी दावा मागं घेतला नाही. कॉफी घेताना ते आईजवळ आले आणि म्हणाले, "मावशी, नक्कल केली त्याबद्दल सॉरी. पण माझं वाक्य आधीचं असू शकतं हं. एकाच वेळी दोघांनाही सुचलं असेल."

"असंल की," आई म्हणाली. "तुम्हीबी झोपून राहायचा न्हवं? मग तुमचंच बरोबर बसतंय, उशिराचं."

आमच्या टीमला हे मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मॅनेजर समोर असताना.

शेवटी काकूंनी ठरवलं, तिन्ही दावे छापायचे आणि खाली लिहायचं, वाद कायम आहे. आईचं म्हणणं मी वेगळ्या चौकटीत घातलं आणि शेवटी, तिनं सांगितलं तसंच, एक ओळ टाकली: 'सदर बस कधीही उशिरा आली नाही.' 'सदर' माझं. बाकी तिचं.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी स्मरणिका आली. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे, वाचते, पण बोट ठेवून. तिनं चौकट बोट ठेवून वाचली, मग परत वाचली आणि चौकटीपुरती घडी घालून अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी चष्मा लावला. वाचून झाल्यावर ते बराच वेळ कागदाकडं बघत राहिले. मला वाटलं, भरून आलंय.

"हे 'कधीही' बरोबर नाही," ते म्हणाले.

"काय?"

"दोनदा झाला होता उशीर. एकदा नागवाऱ्याला पंक्चर झाली होती, वीस मिनिटं. आणि एकदा पाऊस होता, तो सोडून दे. पण पंक्चर धरायला पाहिजे." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू लिहिलंयस ना? दुरुस्ती छापत्यात का असलं?"

चूक कळवायची माझी सवय जिभेवर आली होती. मी आईकडं पाहिलं.

आईनं त्यांच्या हातातून स्मरणिका काढून घेतली. "गप बसा," ती म्हणाली. "छापून आलंय आता." आणि चप्पल घालून ती खालच्या मजल्यावरच्या अक्कांना दाखवायला निघाली.